बोलणाऱ्या बटणांची खोली

लॅपटॉपच्या बटणांखाली काय काय साठतं, हे मला म्हातारपणी कळलं. शेव, नखं, केस, टिकली, अगरबत्तीची राख. एकदा तर मुंग्यांचं अख्खं घर निघालं, अंड्यांसकट! किस्स्यांचंही तसंच आहे. आपण रोज वरून फडकं मारतो आणि समजतो, सगळं साफ आहे. मग एखादं बटण अडकतं, ते उचलावं लागतं, आणि खालून एवढं निघतं की समोरच्याचा चहा गार होतो.

मी अमळनेरकडचा. सुरतेत उधन्याला खात्यात, म्हणजे पॉवरलूमच्या कारखान्यात, सगळा जन्म गेला. शेठनं लूम भंगारात काढले तेव्हा मी नवागामच्या घरात नुसता बसून होतो. कुणीतरी सांगितलं, साड्यांच्या गोडाऊनवर एका संस्थेची खोली आहे. तिथे न दिसणारी माणसं कॉम्प्युटर शिकतात. खोली उघडायला, झाडायला, चहा आणायला आणि मंडळींना रस्ता ओलांडून द्यायला माणूस पाहिजे.

मी गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "शिक्षण?"

"चौथी."

"डोळे?"

"आहेत."

"मग झालं!"

त्या लॅपटॉपांमध्ये एक बोलणारा प्रोग्राम असतो. स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. बटण दाबलं की तो बटणाचं नाव बोलतो, लिहिलेलं वाचून दाखवतो. न दिसणारा माणूस त्याच्या आवाजावर सगळं काम करतो. माझे कान लूमच्या खडखडाटानं अर्धे गेलेले. त्यामुळे आमची वाटणी पहिल्याच दिवशी झाली. ते ऐकणार, मी बघणार.

शिकवायला विलास सर. यवतमाळकडचे, जन्मापासून आंधळे. आवाज असा की खालचे हमालसुद्धा साड्यांचे गठ्ठे टेकवून ऐकत उभे राहायचे. मी सांगतोय ते किस्से ज्या वर्षातले आहेत, त्याच वर्षात सरांचे कान जायला लागले होते. ज्याला दिसत नाही त्याचे कान गेले तर त्याच्याकडे काय उरतं, ते तुम्हीच बघा. म्हणून किस्सा कुठलाही सांगायला घेतला तरी सरांचे कान त्यात येतातच.

*

पहिला दिवस. दुपारची वेळ, बाहेर डोळे दिपतील असं ऊन. मी चहाची किटली घेऊन जिना चढलो आणि दारातच थांबलो.

आत मिट्ट काळोख. खोलीला खिडकी नाही, आणि त्या काळोखात कुणीतरी बोलत होतं. एक जण नाही, खूप जण. बारीक, भरभर, श्वास न घेता. माणूस बोलताना मध्ये कुठेतरी थांबतो, घसा खाकरतो. हे थांबतच नव्हते. मी कान टवकारले तरी एक शब्द ओळखू येईना.

मी भिंत चाचपली, बटण सापडलं, ट्यूबलाइट लागली. समोर पाच-सहा माणसं ताठ बसलेली. तोंडं बंद. बोटं चाललेली. समोरचे लॅपटॉप उघडे, पण पडदे सगळे काळे!

मी किटली दाणकन खाली टेकवली.

सर म्हणाले, "आप्पा, काय झालं?"

"सर, अंधार होता."

"अंधार होता का? मग सांगायचं ना बाप्पा! आम्हाला कुठं माहीत!"

सगळी खोली हसली. कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "आप्पा, लावा लाइट. पण तुमच्यापुरतीच लावा हं, आमच्यावर पाडू नका."

ही सुमन. तिची आणि माझी ओळख अशी झाली.

*

सुमन मूळची आमच्याच खान्देशातली, राहायला इथंच कोसाडला. लहानपणी तापात डोळे गेले. बोलायला तिखट. वर्गात तिच्या शेजारी निंबा बसायचा. तो पूर्वी लूमवरच होता, मग डोळ्यांचा आजार झाला. अंगानं दांडगा, पण भुताखेतांना घाबरणारा.

एक दिवस निंबा आपलं नाव लिहायला बसला. एक बटण दाबलं तर लॅपटॉपनं अक्षराचं नाव सांगायच्या ऐवजी पडद्यावरच्या खिडकीचं शीर्षक वाचलं. दुसरं दाबलं तर कसलीशी यादी उघडली. तिसरं दाबलं तर लॅपटॉपनंच त्याला विचारलं, बाहेर पडायचं आहे का?

निंबा खुर्ची सोडून भिंतीला जाऊन चिकटला. "सर, यामा भूत शे! मी काय लिहितोय आणि ते काय बोलतंय! मला बाहेर जायला सांगतंय!"

सर उठून आले. त्यांनी आधी काहीच दाबलं नाही. दोन्ही हात नुसते बटणांवरून फिरवले, जसा वैद्य पोटावरून फिरवतो. मग कान खाली नेला. त्या वेळी त्यांचे कान शाबूत होते.

"इन्सर्टचं बटण खाली बसून राहिलंय," ते म्हणाले. "हे बटण दाबून धरलं की बाकीची अक्षरं अक्षरं राहत नाहीत, हुकूम होतात. निंबा नाव लिहून राहिला आणि मशीनला वाटून राहिलं की हा हुकूम सोडून राहिला. आप्पा, बघा जरा."

मी टूथपिक घातली, बटण अलगद उचललं. खाली शेवेचा तुकडा. पिवळा, जाड, खमणावर भुरभुरतात तोच.

मी सांगितलं. मग सुमन म्हणाली, "निंबा, तुझं भूत सुरतचंच आहे रे. खमण खातं!"

*

लॅपटॉप फारच बिघडला तर मी जिग्नेशभाईकडे न्यायचो. त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. मोबाइल, लॅपटॉप, सगळं दुरुस्त करायचा. हात चांगला, माणूसही चांगला.

एकदा एका लॅपटॉपच्या बटणांची खालची रांगच चालेना. सर म्हणाले, "नवीन कीबोर्ड टाका." मी त्याच्याकडे ठेवून आलो. लॅपटॉप काय करतो, हे सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, दुरुस्त करणाऱ्याला कळेल.

दोन दिवसांनी गेलो तर दुकानाचं शटर अर्धं खाली. जिग्नेशभाई बाहेर स्टुलावर बसलेला. शटरला नवं लिंबू-मिरची.

"काका," तो हळूच म्हणाला, "आ लेपटॉप बोले छे!"

त्याचं असं झालं. त्यानं नवा कीबोर्ड बसवला, लॅपटॉप चालू केला. पडदा काळाच. त्याला वाटलं, डिस्प्ले पण गेला. म्हणून त्यानं एक बटण दाबलं, आणि त्या काळ्या पडद्यातून एक बाप्या त्या बटणाचं नाव घेऊन बोलला. ह्यानं दचकून हात काढला. तो गप्प. ह्यानं पुन्हा हात लावला. तो पुन्हा बोलला. शेवटी ह्यानं हातही लावला नाही, तरी थोड्या वेळानं तो आपणहून म्हणाला, बॅटरी संपत आली आहे!

मी जाऊन सरांना घेऊन आलो. सरांनी दोन-तीन बटणं एकदम दाबली आणि पडदा लख्ख उजळला.

"आम्ही पडदा मिटूनच ठेवतो, आप्पांना बघायचं असलं तरच उजळतो, जिग्नेशभाई," सर म्हणाले. "आम्हाला तो लागत नाही. बॅटरी वाचते, आणि मागून कुणी वाचत पण नाही."

जिग्नेशभाई एकदा लॅपटॉपकडे बघे, एकदा सरांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे. मग म्हणाला, "मग सर, दोन दिवस तो मलाच बघत होता काय?"

सर हसले. मी नाही हसलो. मला तो प्रश्न बरेच दिवस आठवत राहिला.

*

आता सरांच्या कानांचं कसं कळलं ते सांगतो.

सरांच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये बिघाड झाला. ते म्हणाले, "एस दाबलं की हा अर्धंच बोलतो. एफला पण तसंच. दोन्हीचा शेवट खाऊन टाकतो. कीबोर्ड गेला बहुतेक."

मी बटणं उचलून ब्रशनं झाडून दिली. दाढीचा जुना ब्रश त्यासाठीच ठेवलाय. फरक नाही. जिग्नेशभाईनं नवीन कीबोर्ड टाकला. फरक नाही. मग त्यानं वायरचा वेगळा, मोठा कीबोर्ड जोडायला दिला. सरांनी एस दाबलं.

"बघा. खाल्लं!"

मी पडद्यावर बघितलं. "सर, इथं तर बरोबर उमटलंय."

सुमन शेजारूनच म्हणाली, "सर, मला तर पूर्ण ऐकू आलं की."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. खोलीतली सगळी बोटं थांबली. सगळे लॅपटॉप एकदम गप्प झाले.

मला आमचं खातं आठवलं. तिथे सगळ्यांचं असंच झालं होतं. आधी चिमण्या बोलायच्या बंद झाल्या. मग कुकरची शिट्टी गेली. मग लहान मुलांचं बोलणं. बारीक आवाज आधी जातात, जाड मागे राहतात. आपल्याला वाटतं, जगच थोडं गप्प झालंय.

सरांनी आणखी एकदा एस दाबलं. मान तिरपी करून ऐकलं. मग वायर काढून तिची नीट गुंडाळी केली.

"आप्पा, चहा आणा."

संध्याकाळी रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड जरा घट्ट धरला होता. म्हणाले, "डोळे तर मी घेऊनच नाही आलो, त्याचं काही दुःख नाही. पण माझं सगळं कानावर उभं आहे आप्पा. पोरं, पुस्तक, पगार. हे पण गेलं तर मी राहू कुठं?"

समोरून रिक्षा आली. मी म्हणालो, "सर, थांबा." त्यांना ऐकू गेलं नाही. मी ओढून मागे घेतलं.

*

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी खोली उघडायला गेलो. जिन्यातच ऐकू आलं. माझ्या कानांना ऐकू आलं म्हणजे बघा!

कुलूप लावलेल्या दाराआड कुणीतरी म्हणत होतं, "जी. जी. जी. जी."

कुणी वडीलधाऱ्यांनी हाक मारावी आणि आपण 'जी, जी' म्हणत राहावं, तसं. पण घाई नाही, राग नाही, थकवा नाही. एकच अक्षर, एकसारखं. चावी माझ्याच कमरेला होती. सुट्टीत कुणी आत गेलं नव्हतं.

मी खाली जाऊन जिन्याच्या पायथ्याशी बसलो. खोटं कशाला सांगू? सर आणि मंडळी आल्यावरच वर गेलो. निंबा सगळ्यांत मागे, माझा सदरा धरून.

दार उघडलं. कोपऱ्यातला एक लॅपटॉप उघडाच राहिला होता, वायर लावलेली, पडदाही मिटायचा राहिलेला. सुट्टीभर तो कोऱ्या पानावर एकच अक्षर लिहीत होता आणि लिहिलं की बोलत होता. पानं किती झाली होती त्याला अंत नाही. मी पडद्याकडे बघितलं तर अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. बटणाला मात्र कुणी हात लावलेला नव्हता!

सर जवळ गेले. बोटाच्या टोकानं बटणांना हलकेच शिवले आणि झटकन हात काढला.

"बटणं मधून वर आलीत. आप्पा, बाजूनं बघा, सपाट आहे का?"

मी वाकून बघितलं. "नाही सर. पोट फुगलंय."

"कुणी हात लावू नका! आतली बॅटरी फुगली. ती खालून बटणं रेटून राहिली. पेटली तर खोली जाईल, खाली सगळ्या साड्या आहेत. मेन स्विच बंद करा, मग वायर काढा. जिग्नेशभाईला बोलवा."

मी तसं केलं. तरी लॅपटॉप बॅटरीवर बोलतच राहिला. जिग्नेशभाई येईपर्यंत आम्ही सगळे जिन्यात उभे होतो आणि आतून ते "जी, जी" चालूच होतं.

निंबा माझ्या कानात म्हणाला, "आप्पा, सुट्टीभर कुणाला हो म्हणत असेल हो?"

मी त्याला म्हणालो, "गप रे."

आणि सर, जे जिन्यात आमच्या मध्येच उभे होते, ते सुमनला विचारत होते, "अजून बोलून राहिलं का? की थांबलं?"

*

सरांना डॉक्टरकडे मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, कानाची नस सुकत चालली आहे, गेलेलं परत येणार नाही. यंत्र लावून बघा. यंत्र लावलं तर स्क्रीन रीडरचा आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा यायला लागला. सर ते तासभर लावायचे, मग काढून खिशात ठेवायचे.

वर्गानं कुणी न सांगता एक रीत पाडली. सर जवळ आले की ज्याचा तो लॅपटॉप जे बोलला ते स्वतःही मोठ्यानं बोलायचा, जणू पाठ करतोय. सरांना कळत होतं. पण तेही "शाबास, असंच घोका!" म्हणून पुढे जायचे.

त्याच दिवसांत निंबानं नोकरीसाठी अर्ज लिहायला घेतला. एका पॅकिंगच्या कारखान्यात फोनवर बसायचं काम होतं. दुपारभर खपून त्यानं लिहिलं. प्रत्येक बटण लॅपटॉप नीट बोलला, निंबा मोठ्यानं बोलला. आम्ही सगळ्यांनी तो अर्ज अक्षराअक्षरानं ऐकला. शेवटी तो घाम पुसून म्हणाला, "आप्पा, आता तुमी वाचा. चूक शे का बघा."

मी चष्मा लावला. पान पांढरं.

"निंबा, कोरं आहे रे."

"आप्पा, चेष्टा नका करू."

"तुझी शपथ. एक टिंब नाही."

त्याचा चेहरा उतरला. "मग मी सांगितलं ते सगळं कुणी घेतलं? वडील कसे गेले, डोळे कसे गेले, सगळं लिहिलं होतं त्यात. त्यानं ऐकून घेतलं ना! बोलला पण ना!"

सरांना सुमननं कानाशी जाऊन सगळं सांगितलं. सरांनी निंबाच्या खांद्यावर हात ठेवला. "इन्सर्ट आणि एकचा आकडा, ही दोन बटणं चुकून एकत्र दाबली तू. मग मशीन फक्त बटणांची ओळख सांगते. तोंडानं सगळं बोलते, पण काम करत नाही. तीच बटणं परत दाब, ताळ्यावर येईल."

निंबानं दाबली. मग म्हणाला, "म्हणजे हा आमच्या खात्यातला मुकादम झाला सर!"

सगळे हसले, तोही हसला. पण दुसऱ्यांदा लिहिताना वडील कसे गेले ते त्यानं लिहिलं नाही. म्हणाला, "एकदा सांगून झालंय त्याला."

*

एक दिवस वर्ग सुटल्यावर मी झाडू मारत होतो. सर खुर्चीतच बसून होते. म्हणाले, "आप्पा, खाली खातं कधी सुरू केलं?"

"खाली गोडाऊन आहे सर. साड्यांचं."

"मग लूम कुठं चालून राहिले?"

मी झाडू ठेवला. त्यांच्या समोर बसून त्यांच्या कानाशी विचारलं, "कसे वाजतात? एकदम, की मागे-पुढे?"

"एक जरा मागे आहे. लंगडतो."

मला काय वाटलं ते कसं सांगू? आमच्या खात्यात कोपऱ्यातला एक लूम तसाच लंगडायचा. तो भंगारात गेला, तरी मी डोळे मिटले की माझ्या कानात तो अजून चालतो. मी हे घरातही कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"चालू द्या सर," मी म्हणालो. "सवय होते."

*

संस्थेच्या बाई वर्ग बघायला आल्या. बाई वाईट नव्हत्या. बराच वेळ दाराशी उभ्या राहिल्या. पोरांनी नेहमीसारखं सगळं मोठमोठ्यानं बोलून सरांना सांभाळलं. पण बाईंनी सरांना मागून हाक मारली, एकदा, दोनदा. सर ढिम्म. तिसऱ्यांदा सुमननं सरांचा हात ओढला.

बाई त्यांच्या जवळ जाऊन म्हणाल्या, "सर, तुमच्या मदतीला एखादा नवीन शिक्षक बघू का?"

मदतीला म्हणजे काय, ते खोलीत सगळ्यांना कळलं.

सर म्हणाले, "बघा ना. पोरांचं नुकसान नको." आणि हसले. त्या दिवसापासून त्यांनी यंत्र लावणंच सोडलं. खिशात असायचं, पण लावायचे नाहीत. नवा शिक्षक येईपर्यंत रोज वेळेवर यायचे.

*

आणि ही त्यानंतरची दुपार.

सरांनी वर्गाला लिहायला दिलं होतं, घरातला एखादा आवाज आठवा आणि तो लिहा. आमच्या वर्गात एक रीत आहे. घरचं, मनातलं काही लिहायचं असेल तर माणूस आधी लॅपटॉपचा आवाज बंद करतो. म्हणजे शेजारच्याला ऐकू जात नाही. बटणं वाजताहेत आणि लॅपटॉप बोलत नाही, असं झालं की समजायचं, त्याला काही विचारायचं नाही.

सुमन त्या दिवशी तशी लिहीत होती. लिहून झालं, चहा प्यायली, परत बसली. खालच्या बाणाचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"सर!" ती ओरडली. "माझी बटणं मेली!"

सर आले. तिनं खुर्ची दिली, ते बसले. यंत्र खिशात. मी टूथपिक आणि ब्रश घेऊन बाजूला उभा राहिलो. सरांनी माझ्यासाठी पडदा उजळला आणि नेहमीसारखे दोन्ही हात बटणांवरून फिरवले. मग बाणाचं बटण दाबलं आणि मान तिरपी केली. तशी मान त्यांनी कित्येक दिवसांत केली नव्हती.

"चालून राहिलं की," ते म्हणाले. "छान लिहिलंस." आणि मोठ्यानं बोलले, "बाबा कामावरून यायचे तेव्हा लोखंडी जिना वाजायचा."

बाण दाबला.

"एक पाय जड वाजायचा, एक हलका. त्यांच्या डाव्या पायाची बोटं मशीनमध्ये गेली होती."

सुमननं टेबलाची कड धरली. निंबानं मान वर केली.

माझे कान काय कामाचे? मी डोळे लावले. पडद्यावर बोट ठेवून, चौथीतलं पोर वाचतं तसं, एकेक शब्द जुळवत गेलो. जिना. जड. हलका. बोटं. सर बोलत होते तेच लिहिलेलं होतं. अक्षर इकडचं तिकडे नाही.

बाण दाबला.

"मी पायांवरून बाबांना ओळखायची."

सुमन माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आप्पा, तुम्ही वाचून दाखवताय का सरांना?"

"मी तोंड उघडलेलं नाही, बाई."

"मला लॅपटॉपचं काहीच ऐकू येत नाहीये."

"मला बी नाही," निंबा म्हणाला.

"हे मी कुणाला सांगितलेलं नाही आप्पा. आईलासुद्धा नाही. आवाज बंद करून लिहिलं होतं." आणि मग तिचा हात तोंडावर गेला. "अरे देवा! मी तो चालूच केला नाही! बटणं चांगली आहेत, मीच..."

बाण दाबला.

"एक दिवस दोन्ही पाय सारखे वाजले, तेव्हा मला कळलं, वर येतोय तो दुसराच कुणीतरी आहे."

सुमन सरांच्या कानाशी वाकली आणि खोलीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "सर! आवाज बंद आहे! लॅपटॉप मुका आहे सर!"

सरांनी एक बोट वर केलं.

"हळू बोला ना बाप्पा! किती कल्ला करून राहिले! पुढची ओळ ऐकू द्या मला."